शेवटची चाळीस सेकंदं

"भूतवाला कुछ है क्या भई?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. कुणी दखनीत विचारायचं, कुणी तेलुगूत, "दय्याल सिनिमा उंदा?" आणि बेला-जैनदकडचं पोरगं असलं की सरळ, "काका, भुताचं काही भरून द्या ना." तिघांनाही माल एकाच फोल्डरमधून जायचा.

आदिलाबादला बस स्टँडजवळ माझं दुकान आहे. आज तिथं मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि स्क्रीनगार्ड मिळतात. त्याआधी मी मेमरी कार्ड भरून द्यायचो, त्याआधी सीडी विकायचो, त्याच्याही आधी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचो. पाटी तीच राहिली, धंदे चार झाले. चारही धंद्यांत एक माल कधी पडून राहिला नाही, तो म्हणजे भीती. आता पोरं माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याच वायफायवर, पाच-सात मिनिटांच्या भुताच्या फिल्मा बघतात आणि वर मला विचारतात, काका, तुमच्या काळी काय होतं? त्याचा हा हिशेब. त्यात माझी एक चूकही आहे. तिच्यासाठीच लिहायला बसलो.

माझी आजी पैनगंगेपलीकडची, पाटणबोरीची. आमच्याकडे नदी ओलांडली की राज्य बदलतं, सोयरीक बदलत नाही. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. नांदेडच्या बाजूचं मुधोळ, भैंसा इकडे आलं. बेला-जैनदची आमची मराठी गावं होती तिथंच राहिली. त्यामुळे शाळा मराठीत, पट्टा पासबुक तेलुगूत आणि आजोबांच्या ट्रंकेतली निजामाच्या वेळची कागदं उर्दूत, असं आमचं घर. भुतंही तशीच, तिन्ही भाषांतली.

आजीच्या गोष्टीतलं भूत गाडीवानाला भेटायचं. कापूस भरलेली बैलगाडी रात्री जिनिंगला निघालेली, थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ. बांधावर कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं आणि म्हणतं, "थोडा चुना दे गा." चुना दिला की हात लांब होतो. गोष्ट एवढीच. पण सुरू करण्याआधी आजी ती कुणावर गुदरली ते सांगायची. अमक्याच्या साळ्याला, तमक्या गावच्या पाटलाच्या गड्याला. नाव सांगितल्याशिवाय तिची गोष्ट सुरूच व्हायची नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यातल्या एका गाडीवानाला बाजारात गाठून विचारलं, खरं का? तो हसत सुटला. म्हणाला, "अरे, त्या रात्री मी पेलो होतो." घरी येऊन मी आजीला हे विजयी मुद्रेनं सांगितलं. ती म्हणाली, "मंग? पेलेल्या माणसाले भूत दिसत नाही काय?"

हरलो मी. पण जाऊन विचारता तरी आलं.

आणखी एक तिच्याकडूनच कळलं. कुणाच्या अंगात आलं की भगत पहिला प्रश्न विचारतो, "कोन होय तू? नाव सांग." ओरडा, घुमा, काही करा, भगताचं एकच चाललेलं असतं, नाव सांग. नाव निघालं की अर्धं काम झालं, मग लिंबू नारळ काय ते होतं. माझा भगतावर विश्वास नाही, पण हा प्रश्न मात्र पुढे मला फार उपयोगी पडला.

पडद्यावरच्या भीतीचा इतिहास मी दुकान रिकामं पडायला लागल्यावर, मोबाइलवर वाचला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्यापुढे सरकवायची, पडद्यावर ती हलल्यासारखी दिसायची, आणि शेजारी माणूस गोष्ट सांगायचा, गाणं व्हायचं. पडद्यावर चमत्कार आणि पडद्याशेजारी तो करणारा माणूस, दोन्ही एकाच नजरेत. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसनं सैतानाच्या वाड्याची एक फिल्म केली. वटवाघूळ येतं, त्याचा सैतान होतो, सांगाडे निघतात. लांबी तीन मिनिटांच्या आसपास. भयपट म्हणून जगात पहिला मान तिला देतात. म्हणजे आज पोरं पायरीवर जे बघतात, सिनेमातल्या भुताचा जन्मच त्या मापाचा होता. तीन तासांचं भूत ही मधल्या काळातली सूज.

मेलिएसबद्दल वाचताना मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर थांबलो. त्याच्या फिल्मा लोक चोरून छापायचे आणि आपल्या म्हणून दाखवायचे. वैतागून त्यानं आपल्या कंपनीची चांदणीची खूण नेपथ्यातच रंगवायला सुरुवात केली, म्हणजे कापू म्हटलं तरी कापता येऊ नये. दुसऱ्या एका फ्रेंच कंपनीनं, पाथेनं, आपला कोंबडा असाच पडद्यात बसवला. मी नेमका त्या चोरांच्या जातीचा धंदा केला असल्यामुळे हे वाचून कान गरम झाले.

आमच्या भागात सिनेमा आला तो जत्रेत, तंबूतून. जनरेटरची धडधड, मागे प्रोजेक्टरची घरघर आणि मध्ये आम्ही धुळीत. आयत्या वेळी जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागे बसायचं. तिथून नायक डावखुरा दिसायचा आणि अक्षरं उलटी. सुरुवातीला सेन्सॉरचा कागद यायचा. त्यावरची रिळांची संख्या आम्ही पोरं मोठ्यानं ओरडून वाचायचो. जास्त रिळं म्हणजे पैसे वसूल. भुताचा सिनेमा असला की त्या कागदावर 'ए' असायचा, आणि तो दिसला की शिट्ट्या. भीती अशी शिक्का मारून, कागदपत्रासह यायची.

भुताचा म्हणजे बहुतेक रामसे बंधूंचा. त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा. तो आपल्या महाबळेश्वरला चित्रित झालेला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'नं तर आमच्याकडे पुढची दहा वर्षं खाल्ली. व्हीसीआर आले तेव्हा रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचे, पट्टी काढायची आणि चार पिक्चर बघायचे. पहिला देवाचा, म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मारामारीचा, बायकापोरं झोपली की तिसऱ्या नंबरला 'पुराना मंदिर'. १९९६ ला मी कॅसेटचं दुकान टाकलं तेव्हाही त्या कॅसेटची फीत घासून पांढरी पडली होती, सामरी राक्षस पावसात उभा असल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. उटनूरकडची गोंड पोरं यायची, त्यांना हिंदी जेमतेम. त्यांनाही तोच हवा. किंकाळीला भाषा लागत नाही, हे आमच्यासारख्या चार भाषांच्या जिल्ह्यात दुकानदाराला फार लवकर कळतं.

त्याच दशकात एक भूत पडद्याशिवाय आलं. रात्री दारावर बाई येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की माणूस गेला. उपाय एकच, दारावर लिहायचं, 'ओ स्त्री, रेपु रा'. म्हणजे, बाई, उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते. कर्नाटकात याचंच 'नाळे बा' होतं. तेलुगू मुलखात गावंच्या गावं चुन्यानं, खडूनं हे लिहीत होती. आमच्या गल्लीत वाद झाला की बाई मराठी असली तर? तिला तेलुगू वाचता येणार का? शेवटी खाली मराठीतही लिहिलं. एका मास्तरानं 'उद्या' शब्दातला 'द्या' नीट काढला नाही म्हणून दुसऱ्या मास्तरानं तो पुसून पुन्हा काढला. आम्ही हसत होतो आणि रात्री दार कुणी उघडत नव्हतो. ही अफवा कुठून निघाली, कुणी पहिल्यांदा सांगितली, कुणालाच सांगता येईना. आजीच्या गोष्टीला निदान तो प्यालेला गाडीवान होता. २०१८ ला 'स्त्री' नावाचा हिंदी सिनेमा आला, भिंतीवर 'ओ स्त्री कल आना', तेव्हा थिएटरात लोक पोट धरून हसले. सिनेमा झाला, नावं लागली, भूत उतरलं.

टीव्हीनं कॅसेटचा धंदा मोडला त्यावर जास्त लिहीत नाही. १९९३ पासून 'झी हॉरर शो', १९९५ पासून 'आहट'. त्या रात्री दुकानात मी आणि माशा.

मग मेमरी कार्ड. २००९ च्या सुमाराला चिनी हँडसेट गावोगाव पोचले, स्पीकर ढोलाएवढे मोठे. इंटरनेट होतं, पण एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास, आणि व्हिडिओ उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. मी कॉम्प्युटर आणि कार्ड रीडर घेऊन बसलो. दोन जीबीचं कार्ड, भरायचे वीस रुपये. गाणी, कॉमेडी, देव आणि भुतं. कापसाची वेचणी झाली, हातात पैसा आला, की रांग. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, मेसराम गोंडांची. तिथं मी बॅटरी आणि जुना लॅपटॉप घेऊन टेबल मांडायचो. बाहेर अवसेची काळी रात्र, शेकोट्या, आणि माझ्या टेबलाभोवती पोरं, "भुताच्या क्लिपा टाका."

क्लिपाच का? कारण सरळ होतं. तीन तासांचा पिक्चर अर्धं कार्ड खातो, चार मिनिटांची क्लिप काहीच खात नाही. पोरांच्या फोनची बॅटरी तेवढीच, शेतात मिळणारी उसंत तेवढीच. भीतीचं माप कार्डानं ठरवलं. आणि छोट्या फिल्मांत बोलणं कमी. एका बाईची क्लिप माझ्याकडे आली होती: झोपायच्या आधी ती दिवा घालवते, अंधारात दाराशी कुणीतरी उभं दिसतं, दिवा लावते, कुणी नाही. पुन्हा घालवते. तीन मिनिटांपेक्षा कमी, संवाद जवळपास नाहीच. आमच्याकडे तेव्हा रोज वीज जायची त्यामुळे ही क्लिप जितकी आदिलाबादला लागली तितकी कुठेच लागली नसेल. फाइलवर नाव होतं 'रिअल भूत'. ती स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं २०१३ मध्ये स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला घेऊन केलेली 'लाइट्स आउट' ही फिल्म आहे, हे मला २०१६ ला तिचा मोठा हॉलिवूडपट आला तेव्हा समजलं. तोवर किमान हजार लोकांना मी ते खरं भूत म्हणून विकलं होतं.

आता चूक.

फिल्म संपली की काळ्या पडद्यावर नावं वर सरकतात. कोण बघतं ती? मी सॉफ्टवेअर शिकलो आणि ही शेपटी कापायला लागलो. तीस-चाळीस सेकंदं. चार मिनिटांच्या सहा क्लिपांच्या शेपट्या कापल्या की सातवीची जागा निघायची. हुशारी वाटायची मला ती. शिवाय नावं नसली की क्लिप जास्त भीतीदायक होते, हेही गिऱ्हाइकाच्या तोंडावर दिसायचं. नावं आली की पोरं सुटल्यासारखी हसायची. हसलेलं गिऱ्हाईक दुसरी क्लिप मागत नाही.

२०१४ च्या हिवाळ्यात मी अशीच एक फिल्म कापली. कॉलेजच्या पोरांनी केलेली. कापसाचं शेत, बाभळीखाली पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी पाठमोरी बसलेली, कॅमेरा जवळ जातो, ती वळते. बस. बोलणं नाही. शेपटीत नावं होती आणि नावांच्या मागे तो म्हातारी झालेला पोरगा टोप काढून समोसा खाताना दिसत होता. मी समोसा कापला.

महिन्याभरानं बेल्याच्या बाजूच्या एका गावातून (नाव लिहीत नाही) एक माणूस दुकानात आला. त्याची बहीण, विधवा, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. गावात दोन लेकरं तापानं पडली, एक बैल मेला, आणि तेवढ्यात ही क्लिप ब्लूटूथवरून घरोघर गेली. कुणीतरी म्हणालं, हा आपलाच धुरा आहे, ही आपलीच बाभूळ आहे. आमच्याकडे त्याला भानामती म्हणतात, तेलुगूत बाणामती. शब्द एवढा सारखा की दोन्ही भाषांतल्या लोकांना एकाच दिवशी पोचतो. तिला वेचणीला बोलावणं बंद झालं. हातपंपावर ती आली की बाकीच्या बाया घागरी उचलून बाजूला. नदीपलीकडे, महाराष्ट्रात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला होता. आमच्या बाजूला तेव्हा तसा वेगळा कायदा नव्हता, आणि असता तरी त्यात क्लिप कापणाऱ्या दुकानदाराचं कलम कुठून येणार?

मूळ फाइल नशिबानं जुन्या डिस्कवर होती. लॅपटॉप घेऊन मी त्या गावी गेलो. मारुतीच्या पारावर लोक जमवले आणि अख्खी फिल्म दाखवली, समोशासकट. पोरं हसली. बायांपैकी दोघी-तिघी उठून निघून गेल्या, तोंड लपवून. एक बुजुर्ग मात्र शांतपणे म्हणाला, "हा पोरगा खोटा असन, पन आमच्या गावची बाई खोटी नाही." त्याला काय उत्तर देणार? ती बाई त्याच महिन्यात पांढरकवड्याला लेकीकडे गेली. परत आली नाही.

पुढे २०१८ मध्ये १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तेव्हा देशभर मुलं पळवण्याच्या चित्रफिती फिरत होत्या. त्यातली एक मीही पाहिली होती: गल्लीत खेळणारं पोर मोटरसायकलवाले उचलून नेतात. नंतर उघड झालं की ती कराचीतली जनजागृतीची छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी तेच मोटरसायकलवाले परत येतात, पोर खाली ठेवतात आणि फलक धरतात, की इथं मूल पळवायला एवढासाच वेळ लागतो. तो शेवट कुणीतरी कापला होता. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. कापणारा कोण असेल ते मला दिसत होतं. एखादा कार्ड रीडरवाला, जागा वाचवणारा, किंवा घाबरलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं हे ओळखलेला. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली.

माझा कार्डाचा धंदा तोवर संपला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा फुकट झाला. ११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. एका हंगामात माझा जिल्हाही लहान झाला आणि दुकानही.

आणि तरी भुतांचं बरं झालं, असं माझं मत आहे. यूट्यूबवर फिल्मेखाली करणाऱ्याचं नाव असतं. पायरीवरची पोरं आता विचारतात, हा कुणाचा चॅनेल, हा दिग्दर्शक कोण. मराठीत, तेलुगूत अशा फिल्मा रोज येतात. मोठ्या पडद्याकडच्या लोकांनीही भानामतीला हात घातला; २०२१ ला 'मा ऊरी पोलिमेरा' हा तेलुगू सिनेमा आला, आमच्या गावाची शीव असा त्याचा अर्थ, आणि विषय चेतबडीचा, म्हणजे करणीचा. किंकाळीला भाषा लागत नाही म्हणालो खरा, पण माझ्या बायकोला स्वीडनच्या सावलीनं काही झालं नव्हतं. २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले'तल्या मालवणी म्हाताऱ्यांनी मात्र तिला न्हाणीत एकटं जाऊ दिलं नाही. मालवणी तिला निम्मी कळत नव्हती, तरी आपल्या घरातलं कुणी बोलतंय असं वाटायचं म्हणे. म्हणजे भाषा लागते थोडी. मी माझं आधीचं मत तेवढं मागे घेतो.

जुनी हार्ड डिस्क अजून आहे. तिच्यावरच्या भुताच्या फोल्डरमध्ये तीनशे बारा क्लिपा आहेत, बहुतेक मी कापलेल्या. गेली चार वर्षं दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या मूळ फिल्मा शोधतो आणि वहीत नाव लिहितो. एकशे सत्तावीसची नावं लागली. बाकीच्या कुणी केल्या, ते पोरगे आज कुठे नोकरीला आहेत, काही पत्ता नाही. २००९ ते २०१६ च्या दरम्यान तुम्ही किंवा तुमच्या मित्रांनी अशी एखादी फिल्म केली असेल, आणि तुमचं नाव नसलेली ती कुणाच्या फोनवर दिसली असेल, तर आदिलाबादला बस स्टँडजवळच्या दुकानात या. वही काउंटरवरच असते.